काटेरी पान, लाल मणी : हॉली, करवंदी आणि नागपूरचं ऊन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच झाडाभोवती फिरत होती. नाताळच्या कार्डावरचं, चकचकीत काटेरी पानांचं आणि लाल मण्यांचं ते हॉली. म्हणून हे सदर या वेळी त्यालाच आणि त्याच्या इथल्या पर्यायांना दिलं आहे. एक खुलासा आधीच करून टाकतो : रोपवाटिकेत हे नाव घेतलं की समोरच्याला ‘होळी’ ऐकू येतं आणि तो पळस दाखवायला नेतो. झाडाचं शास्त्रीय नाव आयलेक्स ॲक्विफोलियम. तेच चिठ्ठीवर लिहून न्यावं.

प्रश्न : हॉलीचं झाड अंगणात लावायचं आहे. मुलगी लंडनहून पुढच्या महिन्यात येते आहे. तिच्याकडून बिया किंवा फांदी मागवू का? ऑनलाइनही बियांची पाकिटं दिसतात. (सदर, नागपूर)

उत्तर : मागवू नका. पहिलं कारण कायद्याचं. परदेशातून बी, फांदी, रोप आणायचं तर आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात तशी अट आहे. सामानात सापडलं तर विमानतळावर काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. परक्या मुलखातली बुरशी आणि कीड अशाच चार पानांबरोबर येते.

दुसरं कारण बियांचं. हॉलीच्या फळातून बी बाहेर पडते तेव्हा तिच्या आतला अंकुर पुरता वाढलेलाच नसतो. आधी काही महिने उबेत, मग थंडीत, असं करत तो तयार होतो. तिकडे उघड्यावर पेरलं तरी रुजायला साधारण दीड वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. ‘२१ दिवसांत उगवण’ असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर आत हॉली नाही एवढं नक्की.

आणि तिसरं कारण, खरं मोठं, आपला मे महिना. हॉली पश्चिम आणि दक्षिण युरोपातल्या जंगलांत, ओक-बीचच्या सावलीत वाढणारं झाड. हिवाळा ओला, उन्हाळा सौम्य, जमीन आम्ल ते मध्यम. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारची हवा कोरडी ठक्क असते, आणि रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात. पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मूळ पुरवू शकत नाही. कुंडीत तर मुळंच शिजतात. त्यात आपल्या बऱ्याच जमिनीत चुनखडी आहे, म्हणजे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. एसीच्या खोलीत ठेवून जगवू म्हणाल तर तिथे प्रकाश अपुरा पडतो. डिसेंबर-जानेवारीत हॉली आनंदात राहील, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, काही काढणार नाही.

समजा जगलंच, तरी एका झाडाला फळं येत नाहीत. हॉलीत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. मणी मादीलाच, आणि तेही जवळपास नर असेल तर. नावावर तर अजिबात जाऊ नये. ‘गोल्डन किंग’ नावाची जात मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर!

हवं आहे ते रूप इथे दोन झाडांत वाटून मिळतं. काटेरी चकचकीत पान कुंडीतल्या सिंगापूर हॉलीकडून, आणि लाल फळांचा घोस कुंपणावरच्या करवंदीकडून. पुढची बरीचशी उत्तरं त्यांचीच आहेत.

प्रश्न : मसुरीला एका झाडाच्या खालच्या फांद्यांवर काटेरी पानं होती, शेंड्याकडे साधी, गुळगुळीत. दोन झाडं एकमेकांत वाढली होती का? (धरमपेठ)

उत्तर : झाड एकच. ते बहुधा हिमालयातलं हॉली, आयलेक्स डायपायरिना. साधारण १,५०० ते ३,००० मीटर उंचीवर ओकच्या जंगलात सापडतं. कोवळ्या झाडाची आणि खालच्या फांद्यांची पानं काटेरी, वय वाढलं की वरची पानं काठाला सपाट होत जातात. युरोपातल्या हॉलीचंही तसंच. हरणं-शेळ्या खातात ती खालची पानं, तिथे काटे. वर तोंड पोचत नाही, तिथे काट्यावर खर्च कशाला? स्पेनमधल्या अभ्यासकांनी एकाच झाडाच्या दोन्ही तऱ्हेच्या पानांतला डीएनए तपासला. जनावरांनी खाल्लेल्या झाडांवर काटेरी पानं जास्त, आणि त्या पानांतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा कमी, असं त्यांना आढळलं. जनुकं तीच, वापर वेगळा.

हातात पान आलं तर काठ आडवा धरून पाहावा. काठ लाटेसारखा वरखाली वळलेला असतो आणि काटे एक वर, एक खाली असे रोखलेले. त्यामुळे पान कसंही धरलं तरी टोचतं. करवंदीचा काटा वेगळा : तो पानाला नाही, फांदीला. फांदीचंच रूपांतर होऊन झालेला, म्हणून बऱ्याचदा टोकाशी दुभंगलेला.

प्रश्न : गॅलरीत सिंगापूर हॉली आहे, १२ इंची कुंडीत. पानं छान, पण दोन वर्षांत फळं चार-पाचच. एप्रिलपासून पानांचे काटे करपतात आणि पानांवर बारीक पांढुरके ठिपके येतात. (मनीषनगर)

उत्तर : नावात सिंगापूर असलं तरी हे झुडूप वेस्ट इंडीजचं, मालपिघिया कॉक्सिजेरा. हॉलीशी नात्याचं नाही, बार्बाडोस चेरीच्या कुळातलं. उष्ण प्रदेशातलं असल्याने आपल्याकडे टिकतं. पान जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर, पण आकार हुबेहूब हॉलीचा. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी.

काटे करपणं : यात दोन संशयित. ऊन आणि क्षार. मार्च संपता संपता कुंडी अशा जागी हलवा की ऊन सकाळी दहापर्यंतच मिळेल, किंवा वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. पश्चिमेची गॅलरी असेल तर जाळीनेही भागत नाही, कारण भिंतच तापते. कुंडी भिंतीपासून हातभर दूर आणि विटांवर ठेवा. दुसरं, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे सवय आहे. पाणी वाचतं खरं, पण कूलरमधून वाफ जाते आणि क्षार टाकीतच उरतात. दिवसागणिक ते पाणी खारट होत जातं. पानाचं टोक आधी तपकिरी, मग काठ, ही त्याची खूण. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का पाहा. असेल तर एकदा साधं पाणी सावकाश, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट-तिप्पट, तळातून वाहू द्या. एरवी मेमध्ये रोज सकाळी दीड-दोन लिटर, तळातून थेंब पडेपर्यंत. वरची माती इंचभर कोरडी झाली असेल तर संध्याकाळी पुन्हा थोडं.

ठिपके : हा लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. मोहरीपेक्षाही बारीक ठिपके चालताना दिसले तर तोच. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. दर तीन दिवसांनी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, असं दोन आठवडे. दुकानदार गंधक देईल, पण मे महिन्यात गंधक नको. पारा ३२-३५ च्या वर असताना गंधक पान जाळतं. मिलीबग किंवा खवले कीड असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि दोन थेंब भांडी धुण्याचा साबण, सूर्य मावळल्यावर.

फळं : इथे थोडी निराशा पत्करावी लागेल. या कुळातल्या फुलांना खालून तेलाच्या ग्रंथी असतात आणि अमेरिका खंडातल्या ठरावीक मधमाश्या ते तेल गोळा करताना परागण करतात. त्या माश्या आपल्याकडे नाहीत. त्यामुळे फुलांच्या मानाने फळ कमीच धरायचं. तरी चार-पाच हे फारच कमी झालं, आणि त्याचं कारण बहुधा कात्री. गोल आकार राखायला दर पंधरा दिवसांनी शेंडे कातरले जात असतील तर कळ्याही त्यातच जातात. छाटणी वर्षातून दोनदा पुरे : फेब्रुवारीअखेर आणि पावसाळा संपल्यावर. मध्ये फक्त एखादी उनाड फांदी काढावी.

कुंडी बदलायची वेळ झालीच आहे. दोन भाग पोयटा माती, एक भाग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू, आणि कुंडीमागे मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, निंबोळी पेंड. जुना गोळा बाहेर काढल्यावर मुळं नीट पाहा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत, आणि हे झुडूप त्यांना लवकर बळी पडतं. टोमॅटो-वांग्याच्या कुंडीतली माती पुन्हा वापरली की हे होतं. अशी माती फेकायची नसेल तर मेमध्ये ओलसर करून गच्चीवर १५ सेंटिमीटर जाडीने पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. काळं प्लास्टिक नको. त्याने प्लास्टिक तापतं, माती तितकी तापत नाही.

प्रश्न : हिंगणा रोडला प्लॉट आहे, काळी माती. एका बाजूला ३० मीटर लांबीचं जिवंत कुंपण हवं. डुकरं आणि मोकाट गुरं येतात. करवंदी चालेल का, किती रोपं लागतील? (हिंगणा)

उत्तर : चालेल नव्हे, याहून चांगलं सुचवता येणार नाही. सदाहरित, दोन-चार सेंटिमीटरचे कडक काटे, एकदा लागली की पाण्याची फारशी मागणी नाही. फक्त काळ्या मातीत पाणी साचलं तर मरते, आणि नवी लागवड फसते ती बहुतेक तिथेच.

ती कशी फसते ते आधी सांगतो. काळ्या जमिनीत चर खणून त्यात भुसभुशीत माती आणि खत भरलं की आजूबाजूच्या चिकणमातीच्या मानाने तो चर हौद होतो. जुलैत चहूबाजूंचं पाणी त्यातच उतरतं आणि मुळं कुजतात. तळाला मुरूम टाकल्यानेही सुटत नाही. पाणी मुरमात साठतं, बाहेर कुठे जाणार? म्हणून रोप खड्ड्यात नको, वरंब्यावर हवं.

एप्रिल-मेमध्ये ४५ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर खणून तापू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालेल्या मातीत दर मीटरला ५ किलो कुजलेलं शेणखत आणि शक्य असेल तर दोन घमेली बारीक मुरूम मिसळा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर उंच वरंबा करा. बाहेरच्या बाजूने पाणी वाहून जायला नाली. कुंपणाची भिंत असेल तर तिच्यापासून ७५ सेंटिमीटर सोडा, नाहीतर पुढे छाटायला आत शिरता येत नाही.

अंतर ६० सेंटिमीटर. ३० मीटरला ५१ रोपं लागतात, मर धरून ५६-५७ घ्या. डुकरं अडवायची असतील तर एक ओळ पुरत नाही. ४५ सेंटिमीटर अंतरावर दुसरी ओळ, पहिलीच्या फटीसमोर रोप येईल अशी. मग शंभरावर रोपं लागतील, आणि त्या हिशेबाने चर-वरंबाही मीटरभर रुंद धरा. कुंपणाला बियांची रोपं घ्या, गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली) नको. बियांची रोपं स्वस्त असतात, जोमदार आणि जास्त काटेरीही. फळासाठी चार झाडं वेगळी लावायची असतील तिथे गुटी कलम : पंतनगरच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ किंवा दापोलीची ‘कोंकण बोल्ड’.

रोपं घरीही होतात. पूर्ण काळी झालेली फळं घ्या, बिया धुवा, एक दिवस सावलीत सुकवा आणि दोन-तीन दिवसांत पिशवीत सेंटिमीटरभर खोल पेरा. पुढच्या वर्षीसाठी डबीत राखून ठेवलेली बी रुजत नाही. उगवणक्षमता लवकर जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगं होतं.

लागवड दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला रोपामागे ६ ते ८ लिटर पाणी द्या आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) बुडाशी चार बोटं जाड पसरा. खोडापासून वीतभर मोकळं सोडा. कुटार खोडाला टेकलं की वाळवी सरळ सालीपर्यंत पोचते. शेळ्या कोवळी पालवी आवडीने खातात, तेव्हा पहिली दोन वर्षं बाहेरून बोरीच्या-बाभळीच्या काट्या रोवाव्या लागतील. तिसऱ्या पावसाळ्यानंतर करवंदी स्वतःचं बघून घेते.

प्रश्न : करवंदीचं कुंपण चार वर्षांचं झालं. वर गच्च, खाली मोकळं, मांजरं आरपार जातात. फळं नाहीत. नवी पानं पिवळी. (बेसा)

उत्तर : खालचं मोकळं राहिलं ते पहिल्या वर्षीच्या दयेमुळे. रोप गुडघ्याएवढं झालं की ते वीतभर ठेवून छाटायला हवं होतं. मन होत नाही, हे कबूल. पण न छाटलेलं रोप एकाच दांड्यावर उंच जातं आणि फांद्या वरच फुटतात. आता उपाय कठोर : पावसाळ्याच्या तोंडावर एकाआड एक झुडूप जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर कापा, पुढच्या वर्षी उरलेली. बुडातून धुमारे येतात. सगळं एकदम कापलं तर वर्षभर कुंपणच राहत नाही. पुढे आकार देताना बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं.

फळांचा हिशेब सोपा आहे. करवंदीची फुलं फांदीच्या शेंड्यांशी झुबक्यात येतात. जानेवारी-फेब्रुवारीत कुंपण ‘नीटनेटकं’ केलं की तो वर्षाचा बहर कात्रीत गेला. छाटणी फळं उतरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, एकदाच. विटेसारखं कुंपण आणि भरपूर करवंदं, दोन्ही एका झुडपाकडून मिळत नाही. रस्त्याची बाजू कातरा, अंगणाची बाजू मोकळी वाढू द्या, हा मधला मार्ग.

पिवळेपणात शिरा हिरव्या राहिल्या आहेत का पाहा. तसं असेल तर लोहाची कमतरता. संत्राबागायतदारांच्या ओळखीची गोष्ट, कारण चुनखडीची जमीन तीच. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि २ ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. द्रावण त्याच दिवशी वापरा. शिळं झालं की गंजासारखं तांबूस होतं आणि उपयोगाचं राहत नाही. शिरांसकट सगळं पान पिवळं पडून गळत असेल तर औषध नको, पाणी कुठे साचतंय ते शोधा.

छाटताना चामड्याचे हातमोजे आणि चष्मा. पांढरा चीक डोळ्यात गेला तर जळजळ होते. हाताला आधी गोडं तेल चोळलं तर तो चिकटत नाही. आणि कापलेल्या फांद्या त्याच दिवशी उचला. वाळलेला काटा सायकलच्या टायरलाही ऐकत नाही.

प्रश्न : नातवंडं लहान आहेत. ही लाल फळं विषारी का? (काटोल रोड)

उत्तर : खऱ्या हॉलीची फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. ती पाखरांसाठी आहेत. करवंद खायचंच फळ. फक्त कण्हेर, पिवळी कण्हेर ही त्याच्याच कुळातली आणि अत्यंत विषारी. ‘चीक निघतो म्हणजे करवंदच’ असं मुलांना शिकवू नका. कुंपणावर गुंजेचा वेल चढला असेल तर तो मुळासकट काढा. लाल-काळी गुंज चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : विड्याच्या पानात आणि केकवर असते ती लाल चेरी करवंदाची असते म्हणतात. खरं आहे का? घरी जमेल? नाताळला झाडावर लाल करवंदं मिळतील का? (महाल)

उत्तर : खरं आहे. पानाच्या टपरीवरची लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा पाकवलेलं करवंद असते. नाताळपर्यंत मात्र झाडावर काही उरत नाही. रानातली ‘डोंगराची काळी मैना’ उन्हाळ्यात संपते आणि बागेतली मोठी करवंदं श्रावण-भाद्रपदात लाल होतात. म्हणून तेव्हाच करून ठेवावी.

एक किलो करवंदं, लाल झालेली पण दाबल्यावर टणक लागणारी. काळी घेतली तर पाकात विरघळतात. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम मीठ घाला आणि करवंदं त्या पाण्यातच उभी चिरून बिया काढा, म्हणजे चीक पाण्यात जातो, सुरीला चिकटत नाही. रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. सकाळी एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा चुना कालवून निवळू द्या. वरच्या निवळीत फोडी दोन-तीन तास ठेवा, याने त्या टणक राहतात. मग चार पाण्यांनी धुवा आणि उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाकून निथळा.

अर्धा किलो साखर अर्धा लिटर पाण्यात विरघळवून उकळा, फोडी त्यात घालून झाका. दुसऱ्या दिवसापासून रोज फोडी बाजूला काढायच्या, पाकात १०० ग्रॅम साखर घालून उकळायचा आणि गरम पाक फोडींवर ओतायचा. असे पाच दिवस. घाई करून पहिल्याच दिवशी दाट पाक केला तर तो फोडींतलं पाणी ओढून घेतो आणि त्या मनुकांसारख्या सुरकुततात. पातेलं स्टीलचंच घ्या, लोखंडी कढईत रंग काळपट होतो. बाजारचा भडक रंग कृत्रिम असतो. घरी दुसऱ्या दिवशीच्या पाकात दोन चमचे बिटाचा रस पुरतो. सहाव्या दिवशी पाक मधाएवढा दाट झाला नसेल तर आणखी उकळा. पातळ पाकातली करवंदं महिन्याभरात बुरसतात. मग चाळणीवर निथळून जाळीखाली सावलीत दोन दिवस सुकवा आणि कोरड्या काचेच्या बरणीत भरा. उरलेला गुलाबी पाक सरबताला.